मोनालीचा थांबा

गणपतीच्या दिवसांत नागपुरात डीजेच्या भिंती उभ्या राहतात. फळीवरचे पेले आपोआप सरकत कडेला येतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, तान्ही लेकरं झोपेतून दचकतात, आणि तरी कोणी कोणाच्या दारावर थाप मारत नाही. लग्नाची वरात निघाली की संदलवाले चौक अडवून ढोल ठोकतात आणि अडकलेल्या गाड्यांतले लोक काचा खाली करून माना डोलावतात. आवाजाचं या शहराला कधी वावडं नव्हतं. पण महालातल्या एका गच्चीवरच्या खोलीत तीन पोरी भर दुपारी वाजवायला बसल्या, आणि गल्लीतल्या सगळ्यांचे कान एकाएकी नाजूक झाले.

कोणाचा नातू बारावीला निघाला, कोणाच्या सासूला रक्तदाब निघाला. समोरचे एक काका जिना चढून वर आले आणि धापा टाकत म्हणाले, "पोरी ओरडून राहिल्या म्हणून धावत आलो. म्हटलं काही जिवावर बेतलं का काय. अन् हे तर गाणं आहे म्हणते." त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन, तोंड पुसून ते म्हणाले, "पोट्ट्यांनी केलं असतं तर समजलं असतं."

ती खोली वैदेहीच्या घरची. वैदेही गिटार वाजवायची आणि गायची. गायची म्हणजे पोटाच्या तळातून ओरडायची. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, भिडस्त माणूस. त्यांनी घरोघरी जाऊन हात जोडले आणि खोलीला कुलूप घातलं. दुसरी मेघा पटेल, खालच्या जाड सुरांची गिटार वाजवणारी. तिच्या वडिलांची, गौरांगभाईंची, लकडगंजात लाकूड चिरायची आरा मशीन होती. आणि ड्रमवर बसायची ती मोनाली गजभिये, कन्हान नदीच्या काठच्या खाप्याची. ही गोष्ट तिची आहे.

त्यांच्या बँडचं नाव 'काहून'. हा प्रश्न तिघींनी जन्मल्यापासून ऐकला होता. उशीर काहून झाला, केस काहून कापले, इतक्या जोरात काहून हसते. मेघा एकदा म्हणाली, सगळे आपल्याला विचारतात, आता आपण विचारू. तेच पहिलं गाणं झालं. त्यांची गाणी लहान, दम लागेपर्यंत धावणारी. त्या प्रकाराला हार्डकोर म्हणतात. त्यात आळवणं नाही, हळूहळू रंगणं नाही. दार लाथेनं उघडावं तसं गाणं सुरू होतं आणि तसंच आपटून बंद होतं.

खोलीला कुलूप लागलं तेव्हा गौरांगभाईंनी मागच्या शेडकडे बोट दाखवलं.

"इधर बजाओ बेटा. मेरी मशीन के सामने तुम्हारी आवाज क्या है."

"अन् कोणी तक्रार केली तर, काका?" मोनालीनं विचारलं.

"इथं तक्रार कराले आवाज तर ऐकू आला पाहिजे ना," गौरांगभाई म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन सुपारी चघळत गेले.

अशा रीतीनं त्या पोरी आरा मशीनच्या आश्रयाला आल्या. मोनाली मिहानमधल्या एका कंपनीत रात्रपाळीचं काम करायची. सकाळी इंदोऱ्यातल्या भाड्याच्या खोलीवर येऊन झोपायची, आणि दुपारी, मशीन सगळ्यात जोरात चालत असे तेव्हा, लकडगंजात पोचायची. सागाचा भुसा उन्हात सोन्यासारखा उडत असे. केसांत, भुवयांत, ड्रमच्या कातड्यावर त्याचा थर बसे, आणि पहिला ठोका पडला की तो पिवळ्या धुरासारखा वर उठे.

मशीनसोबत वाजवता वाजवता त्यांना एक सवय लागली, आणि पुढचं सगळं त्या सवयीवरून घडलं. ओंडका पट्ट्यात शिरला की मशीन जाड आवाजात गुरगुरते. ओंडका संपला की पट्टा रिकामा फिरतो, आणि आवाज एकदम बारीक, उंच, पोरका होतो. मग मजूर दुसरा ओंडका चढवतात. तो हलका असेल तर लगेच, जड असेल तर वेळ लागतो. त्या रिकाम्या वेळात वाजवलेलं सगळं उघडं पडे, बाहेर रस्त्यापर्यंत जाई. म्हणून मोनाली हात वर उचलून थांबायची. मशीनवाल्यांकडे बघत राहायची. ओंडका पट्ट्याला भिडायच्या क्षणी तिचे दोन्ही हात खाली यायचे आणि गाणं पुन्हा उसळायचं. वैदेहीला आणि मेघाला मशीन दिसत नसे; त्या मोनालीच्या खांद्याकडे बघत. खांदा हलला की आपण शिरायचं.

याला त्या थांबा म्हणत. थांबा कधी मोजला नाही. आज एवढा, उद्या तेवढा. 'काहून' गाण्याच्या मधोमध तो कायमचा बसला, आणि त्यातच गाण्याचा जीव होता. ऐकणाऱ्याला वाटे संपलं. तो श्वास सोडी. आणि सोडलेला श्वास परत घ्यायच्या आत मोनालीचे हात खाली येत.

मंचावर गेल्या तरी त्या दोघी ड्रमकडे तोंड करून उभ्या राहत. प्रेक्षकांना अर्धी पाठ. पहिल्याच कॉलेजच्या कार्यक्रमात मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, पाठ काहून दाखवून राहिल्या, तोंड चांगलं नाही काय?" वैदेही वळली आणि माइकवर शांतपणे म्हणाली, "तोंड आहे भाऊ, पण ते तुह्यासाठी नाही." त्या दिवशी दोन गाणी झाल्यावर त्यांची वीज कापली. जनरेटर गरम झाला म्हणाले. नंतर पोरांचा बँड आला तेव्हा तोच जनरेटर थंड होता.

वर्षं अशीच गेली. महिला दिनाला बोलावणी येत, आणि बोलावणारे सांगत, काहीतरी सॉफ्ट घ्या, नऊवारीत आल्या तर फोटो छान येतील. पुण्याला एकदा वाजवलं, बेंगळुरूला एकदा. तिथून येताना रेल्वेत मेघा बेसच्या पेटीवर डोकं ठेवून झोपली आणि टीसीनं तिला उठवून विचारलं, यात काय आहे. गिटार आहे ऐकून म्हणाला, कोणाचं आहे.

पण मोनालीला सगळ्यात जास्त जाळणारी गोष्ट निराळी होती. कार्यक्रम संपला की दोन-चार पोट्टे मंचावर चढत. वैदेहीशी, मेघाशी बोलत. मग ड्रमजवळ येऊन वाकून खाली पाहत, मागे पाहत, तारा चाचपत.

"काय शोधून राहिले?" तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही, म्हणजे मशीन कुठं लावली ते पाहून राहिलो. इतकं फास्ट हातानं नाही वाजत ना."

"माह्या हातानं वाजते."

तो हसला. वाईट हसला असंही नाही. लहान लेकरानं मी चंद्र पाहून आलो म्हटल्यावर मोठा माणूस हसतो, तसा हसला. मोनालीनं तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी घट्टे, अंगठ्याजवळ फाटून पुन्हा भरलेली कातडी. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "भांडे घासून बी होते असं."

हात आपले आहेत हे आपल्याच हातांना सिद्ध करावं लागतं, याची चीड तिच्या पोटात बसली. ती चीड घेऊन ती रोज दुपारी लकडगंजात जायची.

आणि घरी? घरी बाबा होते. वसंत गजभिये, तहसिलीत कारकून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं कमी. पोरगी ड्रम वाजवते हे कळलं त्या दिवशी त्यांनी जेवण अर्ध्यावर ठेवलं.

त्याला कारण होतं. वसंतरावांचे वडील धोंडबा गावचं डफडं वाजवत. पाटलाकडे लग्न असो, मयत असो, पोळा असो, निरोप आला की उठायचं. अंगात ताप असला तरी उठायचं. वाड्याच्या बाहेर उभं राहून वाजवायचं, आणि उरलंसुरलं पदरात पडेल ते घेऊन परतायचं. छप्पन साली धोंडबा पायी नागपूरला गेले. परत आले ते दुसरेच होऊन आले. आल्या आल्या डफड्याचं कातडं सुरीनं फाडलं, आणि लाकडाचं कडं पोरांपुढे टाकलं, घ्या, खेळा. पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा धोंडबा खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "डफडं पोरं खेळून राहिले. जाऊन मांगून घे त्याईच्यापासून."

पुढे ते कडं वसंतरावांच्या वाट्याला आलं. काडीनं पळवत पळवत ते कडं त्यांनी गावभर फिरवलं, पाटलाच्या दारावरून मुद्दाम दोनदा फिरवलं. त्या घरातल्या मुलीनं पुन्हा काडी हातात घ्यावी आणि कातड्यावर मारावी, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

"कोणाच्या सांगण्यावरून वाजवतं?" त्यांनी एवढंच विचारलं होतं.

"कोणाच्याच नाही, बाबा. माह्या मनानं."

"मनानं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, कधी ऐकायलाही आले नाहीत. मोनालीला पुण्याच्या टाळ्या नको होत्या, बेंगळुरूच्या नको होत्या. तिला हवं होतं की त्या माणसानं एकदा बसून ऐकावं, आणि त्याला ऐकूनच कळावं की हे कोणाच्या दारचं वाजवणं नाही.

म्हणून विहंगनं बोलावलं तेव्हा ती हरखली. विहंगचा स्टुडिओ होता, नाव होतं, त्यानं काढलेली गाणी दूरवर ऐकली जात. तो म्हणाला, 'काहून' मी रेकॉर्ड करतो, खर्च माझा, गाणं माझ्या चॅनेलवर.

स्टुडिओच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या होत्या. दार बंद झालं आणि मोनालीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. इतकी शांतता तिनं ड्रमवर बसून कधी ऐकली नव्हती. हात अडखळले. थांबा आला तेव्हा ती बघायला मान वळवते तो समोर गादी. कुठे मशीन, कुठे ओंडका. काचेपलीकडून विहंग म्हणाला, "तुझ्या कानात टकटक देतो, त्यावर वाजव. थांबा किती ठोक्यांचा आहे?"

"मोजला नाही."

"मग ह्या दोघी कशा येतात?"

"माह्या खांद्याकडे पाहून."

विहंग हसला. ते हसणं तिनं आधी पाहिलेलं होतं.

मेघानं मग वडिलांना फोन लावला, मशीनचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि तो मोनालीच्या कानात सोडला. मोनालीनं डोळे मिटले. भुशाचा वास आल्यासारखं झालं. आणि मग तिनं जे वाजवलं, ते तिनं आधी कधी वाजवलं नव्हतं. थांब्यात रिकामा पट्टा कानात किंचाळत होता, तिचा खांदा स्थिर होता, आणि ओंडका भिडला तेव्हा वैदेही आणि मेघा तिच्याबरोबर अशा पडल्या की जणू तिघींना एकच हात. वाजवून झाल्यावर काचेपलीकडे विहंगनं अंगठा वर केला.

गाणं बाहेर पडलं तो रविवार होता. मोनालीचा फोन सकाळपासून वाजत होता, पण तिनं गाणं ऐकलं नाही. मुद्दाम ऐकलं नाही. ते तिला बाबांसमोर पहिल्यांदा ऐकायचं होतं. बसच्या खिडकीशी बसून ती खाप्याला गेली. आई, प्रेमिला, वडाभातासाठी वडे तळत होती. बाबा बाजेवर पेपर वाचत होते.

"बाबा, दोन मिनिटांचं आहे. ऐका फक्त."

पेपर खाली झाला. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला, जणू ऐकायलाही चष्मा लागतो. तिनं स्टुलावर फोन ठेवला.

पहिल्या ठोक्यालाच तिच्या मानेवर काटा आला. काहीतरी वेगळं होतं. ठोके होते, जोरदार होते, एकसारखे होते, चुन्यानं आखल्यासारखे. मग थांबा आला. आला आणि लगेच, अगदी हिशेबात, संपला. घड्याळ दोन ठोक्यांच्या मधे थांबतं तेवढा. त्यात पट्टा नव्हता, ओंडका नव्हता, खांदा नव्हता. ती तिथे नव्हतीच.

गाणं आपटून बंद झालं. आई झारा हातात घेऊन दारात उभी होती. बाबा, कधी नाही ते, म्हणाले, "चांगलं वाजवलं वं पोरी."

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द आले, आणि ते दुसऱ्याच्या हातांना मिळाले. तिनं गप्प बसावं, घेऊन टाकावेत, असं एक क्षण वाटलं असेल तिला. कोणालाही वाटेल. पण ती धोंडबाची नात होती.

"बाबा, हे मी नाही वाजवलं."

"म्हणजे?"

"नाव माहं आहे, फोटो माहा आहे. वाजवणारा दुसरा कोणी आहे."

वसंतरावांनी चष्मा पुन्हा घातला. "मंग तुह्या नावानं काहून वाजवून राहिला तो?"

याचं उत्तर आणायला ती दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेली, सोबत वैदेही आणि मेघा.

विहंगनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटत नव्हतं. "केयूरकडून करून घेतलं. मस्त हात आहे त्याचा. तुझं छान होतं गं, पण रेकॉर्डवर जरा टाईट लागतं. सगळीकडे करतात."

"मले विचारलं काहून नाही?"

"अगं, गाणं चांगलं व्हावं म्हणूनच ना. आणि वाईट वाटून घेऊ नको, तुमच्या लोकांच्या रक्तातच ठेका असतो, ते मी मानतो. डफडं वगैरे. पण तो झाला नॅचरल टॅलेंट. रेकॉर्डिंग ही वेगळी गोष्ट आहे."

एकाच वाक्यात या माणसानं तिच्या आजोबाला पुन्हा वाड्याच्या बाहेर उभं केलं होतं, आणि तिच्या हातातल्या काड्याही काढून घेतल्या होत्या. आणि वर त्याला वाटत होतं की आपण कौतुक केलं.

"रक्तात काही नसते," मोनाली म्हणाली. "माह्या आजानं ते फाडून फेकलं होतं. मी शिकली. गादीवर काड्या मारून मारून शिकली."

"वैदेहीला विचारलं होतं मी," विहंग म्हणाला.

मोनालीनं वळून पाहिलं. वैदेही जमिनीकडे बघत होती. "तू म्हटला होता थोडं साफ करतो म्हणून," ती पुटपुटली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मोनालीनं विचारलं, "आधी ऐकलं होतं का तू?"

"हाव."

"कळलं नाही?"

"कळलं होतं," वैदेही म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही वं?"

"गाणं निघालं पाहिजे होतं ना. इतक्या वर्षांत कोणी तरी हो म्हटलं होतं, मोनाली."

मेघा मधे पडली नाही. तिनं फक्त दोघींना उसाचा रस आणून दिला आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून पिऊ लागली. वैदेहीनं ग्लास तसाच परत ठेवला.

आठवड्यानं गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. विहंगनंच ठेवलेला, कॅमेरे लावून. त्याचा निरोप आला: पोट्ट्यांनी मोबाइलवर ऐकलं तसंच हॉलमध्ये ऐकू आलं पाहिजे, तर ड्रम रेकॉर्डवरचे वाजतील, मोनालीनं फक्त हात चालवायचे. ड्रमच्या कातड्याखाली फोम घालू, आवाज येणार नाही. मोनालीनं फोन केला आणि नाही म्हटलं.

"नको येऊ मग," विहंग म्हणाला. आवाज गोडच होता. "मी दुसरी कोणी मुलगी बसवतो. हातच तर हलवायचे आहेत."

ती पायरीवर बसून राहिली. शेजारी कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग तिनं परत फोन लावला. "येते," म्हणाली. आणि त्यानंतर खाप्याला फोन लावला. "बाबा, शनिवारी संध्याकाळी या. मी बोलावून राहिली."

हॉल भरला होता. वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून आले, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेली पोरं. एकानं विचारलं, "काका, रस्ता चुकले का?" ते म्हणाले, "नाही गा. माही पोरगी आहे ते."

कार्यक्रम सुरू होण्याआधी मोनाली ड्रमपाशी एकटी गेली आणि कातड्याखालचे फोमचे तुकडे ओढून काढले. काढून खुर्चीखाली सारले. कोणाला काही सांगितलं नाही, मेघालाही नाही.

दिवे लागले. वैदेही आणि मेघा नेहमीसारख्या तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी पाठीवरून काही बोललं, हशा झाला. विहंग आवाजाच्या टेबलाशी होता. त्यानं मान हलवली आणि मोठ्या स्पीकरांतून केयूरचे ठोके सुरू झाले.

मोनालीनं काड्या मांडीवर ठेवल्या. हाताची घडी घातली. आणि बसून राहिली.

ठोके चालूच. आखीव, जोरदार, एकसारखे. हॉलमध्ये ड्रम धडाडत होते आणि ड्रमवर बसलेली बाई हाताची घडी घालून समोर पाहत होती. पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतलं एक पोट्टं दुसऱ्याला कोपरानं ढोसू लागलं. वैदेहीची बोटं तारांवर होती. तिनं मोनालीच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा हलत नव्हता. वैदेहीनं तारांवरून हात काढला, आणि गिटारच्या आवाजाचं बटण पार खाली केलं. मग मेघानंही केलं. आता केयूर एकटाच वाजत होता, नसलेला केयूर, आणि तीन बाया त्याच्यासमोर गप्प होत्या. मुद्दाम ठेवलेला थांबाही येऊन गेला, घड्याळाच्या ठोक्याएवढा.

कोणीतरी हसलं. मग कोणीतरी ओरडलं, बंद करा बे. विहंग धावपळ करत होता, पण कॅमेरे चालू होते आणि नेमकं काय दाबावं हे त्याला सुचेना. शेवटी आवाज मधेच तुटला.

मोनाली माइककडे वाकली. "हे ज्यानं वाजवलं त्याले घरी बोलवून टाळ्या द्या. त्याचा दोष नाही. आता मी वाजवते."

आणि तिनं वाजवलं. फोम नसलेल्या कातड्यावर पहिला ठोका पडला तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्च्या हलल्या. हे चुन्यानं आखलेलं नव्हतं. यात चीड होती, धाप होती, पुढे पडायला आलेला माणूस स्वतःला सावरतो तशी ओढ होती. वैदेही ओरडली, काहून, आणि तो प्रश्न त्या दिवशी तिनं स्वतःलाही विचारला असावा, कारण तिचा आवाज मधे फाटला आणि तिनं तो तसाच फाटका वापरला.

मग थांबा आला. मोनालीनं दोन्ही हात वर उचलले. हॉलमध्ये मशीन नव्हती. बघायला काही नव्हतं. तिनं थेट समोर, दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हात वरच ठेवले. लोकांनी श्वास सोडला. कोणी टाळी वाजवली आणि लाजून थांबला. तिनं हात खाली आणले नाहीत. आजवर ओंडका सांगेल तेव्हा सुरू व्हायचं होतं. आज सांगणारं कोणी नव्हतं. वसंतरावांना वाटलं संपलं. ते अर्धे उठले, शर्ट नीट केला, आणि तेवढ्यात त्यांच्या मुलीचे हात खाली आले. ते उभेच राहिले. गाणं संपेपर्यंत उभेच होते.

गाणं काही चॅनेलवरून हटलं नाही. विहंगनं हटवलं नाही. ते अजूनही तिथे आहे, मोनालीच्या नावाखाली, केयूरच्या हातांचं. त्या संध्याकाळचं चित्रीकरण त्यानं दाखवलं नाही. पुढच्या वर्षीच्या दोन कार्यक्रमांतून 'काहून'चं नाव गेलं, आणि नागपुरात बोललं जाऊ लागलं की त्या पोरींचं डोकं फिरलेलं आहे, त्यांच्याशी काम करणं कठीण. ज्यानं दुसऱ्याचे हात चोरले त्याच्याशी काम करणं सोपं आहे म्हणतात. तो वेळेवर फोन उचलतो.

पोरींनी गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं, लकडगंजातच. गौरांगभाईंनी मोठ्या मनानं मशीन बंद ठेवायला सांगितलं. मोनाली म्हणाली, "नाही काका, चालू ठेवा. ते नसली तर आमचं गाणं अर्धं आहे."

त्या दुपारी वसंतराव खाप्याहून आले. विचारून आले नाहीत, बोलावल्यावरून आले नाहीत. सागाच्या थप्पीवर रुमाल टाकून बसले. पांढऱ्या शर्टावर भुसा बसत होता, तो ते झटकत नव्हते. मशीन गुरगुरत होती, पोरी वाजवत होत्या. ओंडका संपला. पट्टा रिकामा फिरू लागला, बारीक, उंच. मोनालीचे हात वर होते. मजुरांनी नवा ओंडका उचलला. जड होता, वेळ लागत होता.

यावेळी वसंतराव उठले नाहीत. ते मशीनकडेही बघत नव्हते. वैदेही आणि मेघा बघत होत्या तिकडेच, मोनालीच्या खांद्याकडे, ते बघत होते.